दोरीचा पीळ

हिरवळीचं कौतुक करणारी माणसं फक्त मधोमध बघतात. मधलं गवत कापायला मोव्हर असतो. तो ढकलला की डोळ्यांदेखत पट्टे उमटत जातात आणि ढकलणाऱ्याला आपण काहीतरी कर्तृत्व गाजवतोय असं वाटायला लागतं. खरी पंचाईत कडांची. कुंपणाच्या जाळीखाली, पायरीच्या कोपऱ्यात, नळाच्या खांबाभोवती मोव्हरची चाकं पोचत नाहीत, आणि ही बातमी गवताला आपल्याआधी लागलेली असते. आमच्याकडे तर ते मधून उठून कडेलाच बिऱ्हाड थाटून बसलं होतं. "मधे टक्कल आणि कानांवर झुलपं," बायको खिडकीतून म्हणाली, "घरातल्या माणसाचं वळण लॉननंही उचललंय."

मी डोक्यावरून हात फिरवला आणि ट्रिमर घ्यायचं ठरलं, केसांचा नव्हे, फिरत्या दोरीनं कडेचं गवत छाटणारा.

"नीट बघून घेऊ," मी म्हणालो. हे वाक्य ऐकलं की आमच्या घरात एक विशिष्ट शांतता पसरते.

नीट बघायचं तर मुळापासून बघावं, असं माझं मत आहे. या यंत्राचं मूळ अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात सापडतं. झाडांच्या मुळांभोवतीचं गवत काढायचं कसं, हा प्रश्न 1971 साली तिथल्या जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांना पडला होता. गाडी धुवायच्या यंत्रात त्यांनी गरागरा फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहिले. ते गाडीच्या प्रत्येक खाचेत शिरत होते, पण रंगाला धक्का लावत नव्हते. घरी येऊन त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यांत मासे पकडायची दोरी ओवली, तो डबा लॉनच्या कडा कापायच्या यंत्रावर चढवला आणि फिरवला. आवाज फार झाला, पण गवत उडालं. त्यातून 'वीड ईटर' ही कंपनी उभी राहिली आणि 1977 साली ती एमर्सन इलेक्ट्रिक या कंपनीनं विकत घेतली. बॅलस मुळात नृत्यशाळा चालवायचे. नाच शिकवणाऱ्याच्या डोक्यातून निघालेलं यंत्र हातात धरणाऱ्याला आजही नाचवतं, हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

बायकोनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घ्यायचा कुठला?"

इथे मेहुण्याचा प्रवेश होतो. त्याच्याकडे टू-स्ट्रोक पेट्रोलचा ट्रिमर आहे आणि त्याबद्दल तो ज्या आवाजात बोलतो तो आवाज त्यानं माझ्या बहिणीबद्दल बोलताना कधी काढलेला नाही. "बॅटरी-बिटरी सब झूट," तो म्हणाला. "ताकद हवी तर पेट्रोल." मग त्यानं मला गॅरेजमध्ये नेऊन प्रात्यक्षिक दाखवलं.

या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. त्याच्या यंत्राला 50 ला 1, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिलिलिटर तेल. काही जुन्या यंत्रांना 25 ला 1 लागतं, म्हणजे थेट दुप्पट. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम होतो, जास्त झालं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. मेहुण्यानं औषधाची मापं असलेली बाटली डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून तेल ओतलं. माझ्या भाच्याला तापाचं औषध तो एवढं मोजून देत नसणार. मग पेट्रोल वर ओढणारा प्रायमरचा रबरी फुगा दाबला, चोक लावला, दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. इंजिन एकदा खोकलं. चोक काढून परत ओढली, पण जरा उशीर झाला होता. चोक काढायला उशीर झाला की आत पेट्रोल साचून प्लग ओला होतो, मग तो काढून पुसायचा आणि थांबायचं. आम्ही थांबलो. त्या वेळात त्यानं मला शिळ्या पेट्रोलबद्दल सांगितलं. टाकीत महिना-दोन महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची आणि आतलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. अखेर यंत्र सुरू झालं, आणि त्यापुढे तो जे काही बोलला ते मला ऐकू आलं नाही.

खरं सांगायचं तर मोठ्या आवाराला, गुडघाभर रानाला याच्याशिवाय गत्यंतर नाही. फोर-स्ट्रोक घेतला तर तेल मिसळायची भानगडही उरत नाही, फक्त वजन वाढतं. पण माझं गवत कडेला वीतभर वाढलेलं. त्यासाठी एवढं शास्त्र शिकायचं आणि वर खांदा निखळवून घ्यायचा, हे मला झेपणारं नव्हतं.

वायरच्या ट्रिमरचं फार काही सांगण्यासारखं नाही. हलका असतो, शांत असतो, चार्जिंगची कटकट नाही. वायर मात्र तुमच्यामागून येताना वाटेतल्या प्रत्येक कुंडीला भेटून येते. आणि ज्या वायरीवर यंत्र चालतं तीच कापायची सोय त्या यंत्रात आहे, हा विचार काही केल्या माझ्या मनातून जाईना.

उरली बॅटरी. इथे आकड्यांचा बाजार आहे. एकावर 18 व्होल्ट लिहिलेलं, शेजारच्यावर 20 व्होल्ट मॅक्स. साहजिकच हात 20 कडे जातो. आत बघावं तर दोघांतही पाच-पाच सेल एकामागे एक जोडलेले. प्रत्येकाचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट धरला की बेरीज 18 होते, आणि नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचा दाब 4 च्या आसपास असतो तो धरला की 20. म्हणजे माल तोच. एकानं रोजचं वजन सांगितलं, दुसऱ्यानं भरपेट जेवल्यावरचं. तीच गत 36 व्होल्टची. "हा डबल पॉवर, सर," असं सांगणाऱ्याला अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरी किती करंट किती तास पुरवते ते, विचारावेत. 18 व्होल्ट आणि 4 अँपिअर-अवर यांचा गुणाकार 72 वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा; 36 व्होल्ट आणि 2 अँपिअर-अवर यांचाही 72. चढ्या व्होल्टमध्ये जोरदार मोटार कमी करंटवर चालवता येते हे खरं, पण डब्यातली शिदोरी दोन्हीकडे सारखीच. हा हिशेब मी बायकोला उत्साहानं समजावला. तिनं विचारलं, घरातल्या ड्रिलची बॅटरी याला बसेल का? हा प्रश्न माझ्या सगळ्या गुणाकारांपेक्षा उपयोगी निघाला. सुटी बॅटरी घ्यायला गेलं की ती यंत्राच्याच किमतीशी बरोबरी करू बघते, त्यामुळे घरात आधीच असलेल्या बॅटरीच्या कुळात सोयरीक केलेली बरी.

त्यानंतर मी लोकांचे अभिप्राय वाचायला बसलो. पाच तारे देणाऱ्यांचं एक बरं असतं. "आजच पार्सल आलं, पॅकिंग उत्तम, अजून उघडलं नाही, पाच तारे." असल्या माणसांच्या आनंदात व्यत्यय आणू नये. शहाण्यानं एक तारावाल्यांकडे वळावं. त्यांनी यंत्र खरोखर चालवलेलं असतं आणि ते मनापासून लिहितात. रात्री उशिरापर्यंत वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मोटार जळाल्याची, इंजिन बंद पडल्याची रड त्यामानानं थोडी. उरलेला सगळा आक्रोश दोरीचा होता. दोरी बाहेर येत नाही. दोरी येते ती सगळीच येते. दोरी आत वितळून एकजीव झाली. दोरी भरता भरता माणूस म्हातारा झाला.

मग मला कोडं उलगडलं. दुकानात चर्चा सगळी मोटारीची, आणि घरी आल्यावर आयुष्य काढायचं ते खालच्या मुठीएवढ्या प्लास्टिकच्या डोक्याबरोबर, ज्याला सगळे हेड म्हणतात. त्याच्यात एक रीळ, एक स्प्रिंग आणि दोरी बाहेर यायची दोन भोकं. लुळी दोरी वेगानं फिरली की बाहेर फेकली जाऊन ताठ होते आणि तिचं टोक गवत छाटतं. टोक झिजलं की हेड चालत्या यंत्रासकट जमिनीवर हलकेच आपटायचं, म्हणजे आतून नवी दोरी सुटते, आणि जास्त सुटली तर संरक्षक कवचावरचं छोटं पातं ती मापात कापतं. कागदावर हे सगळं फार सुंदर आहे. पण रिळावर दोरीचे वेढे एकमेकांवर चढलेले असले तर खालचा वेढा वरच्याखाली दबतो, फिरताना घासून तापतो आणि चिकटून बसतो. मग आपटा, धोपटा, शिव्या द्या. वेढे बाणाच्या दिशेनं, घट्ट, शेजारी-शेजारी घ्यायचे असतात आणि नायलॉनच्या दोरीला हे मान्य नसतं. तिला मूळच्या गुंडाळीची आठवण असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ही तर न जळलेली. आपण शेवटचा वेढा घेऊन टोक खाचेत अडकवतो, झाकणाकडे हात नेतो, आणि तेवढ्यात सगळं रीळ सळ्ळकन उलगडून मोकळं होतं.

म्हणून दुकानात गेल्या गेल्या मी म्हणालो, "हेड उघडून दाखवा."

काउंटरवरचा मुलगा गोंधळला. त्याला मोटारीचे आकडे पाठ होते, हेड उघडून मागणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. त्यानं दोन्ही बाजूंचे खटके दाबले, झाकण निघालं आणि आतली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. पुढचा काही वेळ तो, मी आणि खिळे घ्यायला आलेले एक आजोबा जमिनीवर ओणवे होतो. स्प्रिंग आजोबांना मिळाली. ती बसवल्यावर रीळ बसेना. रीळ बसलं तेव्हा दोरी एकाच भोकातून बाहेर आली होती. "घरी गेल्यावर जमतं, सर," मुलगा घाम पुसत म्हणाला.

आतून मालक आले. त्यांनी दुसराच ट्रिमर खाली काढला, लांबलचक दोरी तोडली, हेडच्या एका भोकातून घालून समोरच्या भोकातून बाहेर ओढली, दोन्ही टोकं सारखी केली आणि हेडच्या खालची मूठ धरून पिळली. दोरी दोन्ही बाजूंनी आपोआप आत गुंडाळत गेली. उघडणं नाही, स्प्रिंग नाही, ओणवं होणं नाही. हे करताना ते फोनवर कोणाशी तरी बोलत होते.

मी ते हेड विकत घेतलं. मोटार आणि दांडा त्याच्याबरोबर आले, बॅटरी आमच्या ड्रिलचीच चालणार होती.

दांड्याबद्दलही थोडं बोलायला हवं. इंजिन किंवा मोटार वरच्या टोकाला असली तर तिची फिरकी खाली पोचवायला वाकड्या दांड्याच्या आत लवचिक केबल असते, तो हलका आणि आटोपशीर. सरळ दांडा झुडपांखाली लांबवर जातो, पण बहुतेकदा त्याच्या टोकाला गिअरबॉक्स असतो आणि त्याला अधूनमधून ग्रीस लागतं. आम्ही सरळ घेतला, कारण वाकणं हा विषय माझ्या कमरेनं बंद केलेला आहे. दोरी 2.4 मिलिमीटरपर्यंतच चालेल असं कवचावर छापलंय. जाड घातली की जास्त कापेल हा समज लोकप्रिय आहे, पण तिला फिरवता फिरवता मोटार मंदावते आणि तापते. दोरीचे आकारही अनेक. गोल टिकते, चौकोनी चांगली कापते, पीळ दिलेली आवाज कमी करते असं म्हणतात. मी गोल घेतली.

घरी येऊन माहितीपुस्तिका वाचली. डोळ्यांना चष्मा, पायांत बंद बूट, पूर्ण लांबीची विजार, हे ठीक. झाडाच्या बुंध्याशी दोरी लावू नये हेही पटलं. कोवळ्या झाडाची साल चहूबाजूंनी सोलली गेली की सालीखालून मुळांकडे जाणारं अन्न तुटतं आणि ते उभ्या उभ्या वाळतं. बुंध्यापाशी हातानंच उपटावं. पण पुढचं वाक्य असं होतं की यंत्र चालू असताना इतरांनी 15 मीटर दूर राहावं. आमचं सगळं आवार मिळून तेवढं भरत नाही. म्हणजे कडा कापायच्या तर कुटुंबाला परगावी पाठवायला हवं.

दोरीची जादा गुंडाळी मात्र दुकानात कधीपासून टांगलेली होती कोण जाणे, तिच्यावर धूळ होती. नायलॉन ओलावा शोषून लवचिक राहतं. कोरड्यात पडून राहिलं की कडक होतं आणि दगडाला लागलं की तुटतं. त्याला उपाय सोपा आहे. मी बादली भरून गुंडाळी आत सोडली.

सकाळी बायकोनं बादलीत डोकावून विचारलं, "हे काय?"

"दोरी भिजत घातलीय. उद्यापर्यंत चांगली मऊ होईल, मग कापू."

"इतके महिने घोंगडं भिजत होतं तेवढं पुरे नव्हतं?" तिनं ट्रिमर उचलला, हेडमध्ये मालकांनी भरून दिलेली दोरी तशीच होती ती पाहिली, बॅटरी खटकन बसवली, माझा नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जाळीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पुस्तिकेतला नियम मोडायचा नाही म्हणून मी फाटक उघडलं, रस्ता ओलांडला आणि 15 मीटर भरतील असा अंदाज घेऊन समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. तिथून मी तिला हातवारे करून वेढ्यांबद्दल सांगत होतो, पण तिला काही ऐकू गेलं नाही.