मधले प्रश्न कोण विचारणार?

मुलांना शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत म्हटलं की एक सल्ला ठरलेला असतो : शब्द ओळखा. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. माझं स्पष्ट मत आहे की हे शिकवणं आता थांबवायला हवं. एका पायरीच्या गणितात ते चालून जातं, म्हणून खरं वाटतं. पायऱ्या वाढल्या की त्यानेच घोटाळा होतो.

रोहनकडे 18 गोट्या आहेत. त्या मीनाकडच्या गोट्यांपेक्षा 6 ने जास्त आहेत. दोघांच्या मिळून किती? ‘जास्त’ वाचून मूल 18 मध्ये 6 मिळवतं, ‘मिळून’ वाचून पुन्हा बेरीज करतं आणि 42 लिहितं. दोन्ही बेरजा बिनचूक, पण मीनाकडे 12 च गोट्या आहेत आणि उत्तर 30 आहे. या मुलाला आपण ‘गणितात कच्चा’ ठरवतो आणि आणखी बेरजा घालतो!

1979 साली फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं होतं : जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. आकडे दिसले की काहीतरी करायचं, ही सवय त्यांना आपणच लावतो.

अनेक पायऱ्यांच्या गणितात विचारलेला प्रश्न शेवटचा असतो. मधले प्रश्न छापलेले नसतात, ते सोडवणाऱ्यानेच स्वतःला विचारायचे असतात. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. 360 पानांचं पुस्तक आहे. पहिले 3 दिवस रोज 40 पानं वाचली. उरलेली पानं 8 दिवसांत सारखी वाटून वाचायची, तर रोज किती? तीन दिवसांत किती पानं झाली, हे गणितात कुठेच विचारलेलं नाही. ते न विचारता मूल 360 मधून 40 वजा करतं, 320 ला 8 ने भागतं, उत्तर 40. भाग नि:शेष गेला, म्हणून शंकाही येत नाही. पडताळा घेतला असता तर लगेच कळलं असतं : 8 दिवसांची 320 आणि आधीची 120 मिळून 440 पानं होतात.

म्हणून माझा आग्रह आहे की आकडेमोडीआधी प्रत्येक पायरीचं वाक्य लिहून घ्यावं. ‘तीन दिवसांत वाचलेली पानं’ : 120. ‘उरलेली पानं’ : 240. ‘रोजची पानं’ : 30. नुसता 240 लिहिला तर दोन ओळींनंतर तो पानांचा की दिवसांचा हे मूल विसरतं. आणि 40 × 3 = 120 = 360 − 120 = 240 अशी साखळी तर चालवूनच घेऊ नये. तिथे बरोबरच्या चिन्हाचा अर्थच हरवतो.

आणखी एक करून बघा. गणितातले आकडे झाकून वाचायला द्या : काही पानांचं पुस्तक, काही दिवस रोज काही पानं वाचली, उरलेली काही दिवसांत वाटायची. आता मुलाला विचारा, ‘आधी काय शोधशील?’ आकडे नसल्यामुळे त्याला गोष्टीकडेच बघावं लागतं. शिक्षकांनाही विनंती आहे, मधला प्रश्न बरोबर ओळखला असेल तर पुढे गुणाकार चुकला तरी त्याचे गुण द्या.