नववीतल्या पोराचा स्वभाव पाच आकड्यांत मावत नाही, तो फॉरवर्ड पाठवणं थांबवा

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन, आवाज रडवेला. भाचा नववीत आहे, त्याच्या क्लासवाल्यांनी सगळ्या मुलांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि रिपोर्ट हातात दिला. बहिर्मुखता १८ टक्के, नवीन अनुभवांची आवड २४ टक्के, खाली लाल अक्षरात ‘नेतृत्वगुणांचा अभाव, तातडीने लक्ष द्या’, आणि सोबत सहा महिन्यांच्या डेव्हलपमेंट बॅचचा फॉर्म, फी १८ हजार. हे खरं मानायचं का म्हणून ताईने फॅमिली ग्रुपवर विचारलं तर कोणीतरी तो फॉरवर्ड टाकला, जो मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय.

फॉरवर्ड म्हणतो: शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की माणूस कुठलाही असो, स्वभाव पाचच गुणांचा असतो (बहिर्मुखता, नवीन अनुभवांची आवड, शिस्त, मिळूनमिसळून वागणं आणि मनाची चलबिचल). टेस्ट ५० देशांत तपासलेली आहे. भाषांतर केलं की कुठेही चालते. बहिर्मुख मुलंच पुढे जातात, आपली मुलं त्यात कमी पडतात म्हणून देश मागे. स्वभाव १५व्या वर्षी पक्का होतो, तेव्हा आत्ताच टेस्ट करा.

मी सायकॉलॉजीत एम.ए. केलंय, रोज शाळेच्या मुलांशीच काम असतं, त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं. एकेक घेते.

आधी ५० देश. हे अगदीच खोटं नाहीये, ते मान्य करते. मॅक्रे आणि टेराचियानो या मानसशास्त्रज्ञांचा २००५चा अभ्यास खरंच ५० संस्कृतींमधला आहे आणि बऱ्याच ठिकाणी पाच गुण बऱ्यापैकी दिसले. पण माहिती कोणी भरली? कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी, आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल. पन्नास ठिकाणची कॉलेजं म्हणजे अख्खी माणूसजात नव्हे.

आता ‘माणूस कुठलाही असो’. बोलिव्हियात अमेझॉनच्या जंगलाकडे चिमाने नावाचे लोक राहतात, थोडी शेती, शिकार, मासेमारी, छोटी छोटी गावं. मायकेल गर्व्हन हे मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गुणांचीच प्रश्नावली त्यांच्या भाषेत नेली, ६३२ मोठ्या माणसांना विचारली आणि २०१३मध्ये निष्कर्ष छापला. कुठली उत्तरं एकमेकांसोबत जातात ते पाहून गट पाडले, तर पाच गुण निघालेच नाहीत. निघाले ते साधारण दोन: लोकांशी मिळूनमिसळून, मदतीला धावून वागणं आणि कामसूपणा. बरं, स्वतःबद्दल सांगताना लोक गडबडत असतील म्हणून नवरा-बायकोंना एकमेकांबद्दल विचारलं, तरी पाच नाहीत. शिकलेल्या आणि स्पॅनिश येणाऱ्यांचं वेगळं काढून पाहिलं, तरी नाहीत. गर्व्हन यांचं म्हणणं असं की जिथे सगळ्यांचं आयुष्य साधारण सारखंच, शे-दीडशे निरनिराळी करिअर नाहीत, तिथे स्वभावाच्या वाटाही वेगळ्या गुंफल्या जात असतील. हा अभ्यास मानसशास्त्राच्या मोठ्या जर्नलमध्ये छापलाय, कोणीही काढून वाचावा. नंतर २०१९मध्ये २३ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४,७५१ लोकांची माहिती तपासली, तिथेही समोर बसून विचारल्यावर हे प्रश्न जे मोजायला हवं ते नीट मोजत नाहीत असंच दिसलं. लोक बऱ्याचदा प्रश्न काहीही असो ‘हो’ म्हणतात, हे त्यातलं एक कारण.

भाषांतराच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय, कारण भाच्याचा पेपर मी व्हिडिओ कॉलवर ओळीने पाहिला. ‘मी पार्टीची जान असतो.’ हे वाक्य अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गोल्डबर्ग यांच्या मोफत मिळणाऱ्या प्रश्नसंचातलं आहे, तिथल्या माणसाला ते लगेच कळतं. भाचा म्हणाला, मावशी, मी कुठल्या पार्टीला गेलोच नाही, खोटं कसं लिहू, म्हणून १ दिला, म्हणजे ‘अजिबात असहमत’. पुढचा प्रश्न, ‘मला अमूर्त कल्पनांत रस नाही.’ अमूर्त म्हणजे काय ते कळलं नाही, सर म्हणाले मोकळं सोडू नका, म्हणून ‘सहमत’वर टिक. झालं, नवीन अनुभवांची आवड २४ टक्के! याच पोराने गेल्या दिवाळीत सायकलचे जुने स्पोक वाकवून फिरणारा आकाशकंदील केला होता, वाऱ्याने फिरणारा, तीन वेळा मोडला आणि चौथ्यांदा जमला.

आणि या पाच गुणांचं मूळ कुठून आलंय बघा. १९३६मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द काढले, त्या यादीतून गाळत गाळत पुढे हे पाच गुण आले. शब्दच इंग्रजीचे, मग त्यातून येणारी मापंही आधी त्या समाजाची. आमचा भाचा भिडस्त आहे. आता भिडस्त म्हणजे अंतर्मुख नव्हे. मित्रांत तो भरपूर बोलतो, पण मोठ्यांसमोर शब्द फुटत नाही, आणि कोणी काम सांगितलं तर भिडेखातर नाही म्हणवत नाही. त्यात लाज आहे, आदर आहे, दुसऱ्याचं मन न मोडणं आहे, आणि यातलं काहीही त्या रिपोर्टमध्ये नाही. बाकीच्यांनी आपापल्या भाषेतून सुरुवात केली तर वेगळं निघालंय: हिंदीतल्या शब्दांवरून २०१३मध्ये झालेल्या कामात तीन मुख्य गट आले आणि त्यांना सात्त्विक, राजसिक, तामसिक अशी नावं दिली गेली. हाँगकाँगच्या फॅनी चेउंग यांनी चिनी लोकांसाठी वेगळी टेस्ट बांधली तेव्हा माणसामाणसांतला सलोखा आणि मान राखणं हा वेगळाच गुण समोर आला, जो पाचात बसत नव्हता.

सगळ्यात घातक ते ‘बहिर्मुख मुलंच पुढे जातात, म्हणून देश मागे’. देशांचे स्कोअर असे शेजारी ठेवताच येत नाहीत, कारण माणूस स्वतःला मार्क देतो ते आजूबाजूच्यांशी तुलना करून. २००७मध्ये ५६ देशांचे आकडे आले, त्यात शिस्त आणि कामाची चोख सवय या गुणात जपान तळाशी. जपान! ज्यांना सगळेच वक्तशीर दिसतात ते स्वतःला कमीच देणार ना. आता ताई म्हणते, तो वर्गात हात वर करत नाही, ‘माझ्यात लीडरशिप नाहीये, रिपोर्टमध्ये आलंय’ म्हणतो. चौदा वर्षांचं पोर आहे ते! एका टिकमार्कवरून त्याने स्वतःबद्दल हे ठरवून टाकलं, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

१५व्या वर्षी पक्का होतो म्हणे. नाही होत. २००६मध्ये दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांतल्या ९२ गटांची बेरीज केली गेली, त्यात स्वभावातला बराच बदल विशी ते चाळिशीत दिसला. यावर जास्त लिहीत नाही.

ताईला मी तीन प्रश्न लिहून दिलेत, क्लासमध्ये लेखी विचार म्हणून: ही टेस्ट मूळ कुठल्या भाषेत बनली, मराठी माध्यमाच्या किती मुलांवर तपासली, आणि तीच टेस्ट महिन्याने पुन्हा दिली तर आकडे तेच येतात का. उत्तर येईपर्यंत फॉर्म भरू नकोस असं सांगितलंय. फीची शेवटची तारीख १५ आहे, आज ११, अजून तिकडून काही आलेलं नाही.