ट्रॉफीपेक्षा अहवालाची प्रत द्या

विद्यापीठासोबत काम करणाऱ्या संस्थांना वार्षिक समारंभात सन्मानचिन्ह दिले की ‘त्यांच्या कामाची दखल घेतली जाते’, हे एका लेखात वाचलेले वाक्य खटकले. बीड जिल्ह्यात धारूरकडच्या आमच्या छोट्या संस्थेचा अनुभव वेगळा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे, कॉलेजच्या मुलामुलींचे सात दिवसांचे शिबिर गावात येते, तेव्हा शाळेच्या खोल्या उघडून देणे, टँकर सांगणे, पोरींसाठी बाथरूमची सोय, भाकरी थापायला बचत गटातल्या बायका, हे सगळं आम्हीच बघतो. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, तरी कुणाच्या दारात कधी जायचं हे आमच्या कार्यकर्तीलाच ठाऊक. छापील अहवालात मात्र ‘स्थानिकांचे सहकार्य लाभले’. बस्स.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला विद्यार्थ्यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, चांगलंच आहे. मग संस्थेचं नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर का नको? गावाची माहिती नेली तर मराठीतली एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, कार्यकर्तीला प्रवासखर्च द्या आणि पुढचा विषय ठरवताना आम्हालाही बैठकीला बोलवा. सत्काराला बोलावता तेव्हा एसटीचं भाडंसुद्धा आम्हीच भरतो. (शाल मात्र दरवर्षी चांगली असते, हे खरं.)