‘बिल्डरांची वकिली’: व्हॅल्कोच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

कॅलिफोर्नियातल्या आपल्या क्युपर्टिनो गावच्या व्हॅल्को मॉलच्या जागी घरं बांधण्यावर मी लिहिलं ती बिल्डरांची वकिली आहे, सॅक्रमेंटोने, म्हणजे राज्य सरकारने, गावावर लादलेला प्रकल्प मला गोड लागतो आणि ‘तुम्ही उद्या पुण्याला परत जाल, ट्रॅफिकमध्ये आम्हीच अडकू’, असं तुम्ही म्हणता. ट्रॅफिकला कंटाळून पुण्याला जाईन, एवढा काही मी भाबडा नाही!

आधी तुमचा लोकशाहीचा मुद्दा. नोव्हेंबर २०१६ मध्ये गावच्या मतपत्रिकेवर याबद्दल दोन प्रस्ताव होते. ‘सी’ रहिवाशांच्या गटाचा, बांधकामाला लगाम घालणारा; ‘डी’ विकसकाचा. मतदारांनी दोन्ही पाडले. ‘लोकांनी कौल दिला होता’, असं तुम्ही लिहिता. कौल दिला, पण नकाराचा. १९७६ साली उघडलेला, तोवर ओस पडलेला मॉल तसाच राहिला. त्या जागी काय हवंय, ते कोणीच ठरवलं नाही.

मग घरांच्या मंजुऱ्या सोप्या करणारा राज्याचा २०१७ चा एसबी ३५ कायदा आला. तो सरसकट लागू होत नाही. राज्याने नेमून दिलेलं घरांचं उद्दिष्ट जे शहर गाठत नाही, त्यालाच लागतो. अशा शहरात निम्मी घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवणारा आराखडा लिखित नियमांत बसला, की नगर परिषदेला तो मर्जीने अडवता येत नाही. पर्यावरण अहवालाचा फेराही चुकतो. सप्टेंबर २०१८ मध्ये २,४०२ घरांना मंजुरी मिळाली ती अशी. विरोधक कोर्टात गेले आणि मे २०२० मध्ये हरले. म्हणजे सॅक्रमेंटो आत शिरलं ते आपणच उघड्या ठेवलेल्या दारातून.

आता ट्रॅफिक. नगर परिषदेची बैठक मंगळवारी संध्याकाळी असते. माइकसमोर कोण उभं राहतं? ज्यांची घरं जवळ आहेत आणि ज्यांना वेळ आहे, ते. दूरच्या ट्रेसी गावाहून अल्टमाँटची खिंड ओलांडून रोज इकडे कामाला येणारी बाई त्या वेळी गाडीत असते. तुम्ही ज्या ट्रॅफिकबद्दल बोलता ते तीच आहे, काका. तिला इथे परवडणारं घर नाही, म्हणून ती रस्त्यावर आहे.

शाळांवर ताण येईल, हे तर मला मुळीच पटत नाही. क्युपर्टिनोच्या प्राथमिक शाळांच्या डिस्ट्रिक्टने विद्यार्थी घटले म्हणून २०२२ मध्ये काही शाळा बंद केल्या. तरुण कुटुंबांना इथलं भाडं झेपत नाही, मग वर्गात बसणार कोण?

घर १९९१ मध्ये घेतल्याचं तुम्हीच लिहिलंय. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या राज्याच्या नियमामुळे तुमचा मालमत्ता कर त्या वेळच्या किमतीवर बेतलेला आहे, आणि करासाठी धरलेली ती किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. यात तुमचा दोष नाही, नियमच तसा आहे. पण घरांची टंचाई वाढली तर तुमच्या घराची किंमत वाढते, कर जवळपास तिथेच राहतो. माझं भाडं मात्र दर नव्या कराराला वर सरकतं. गावचा ‘स्वभाव’ जपायचा म्हणताना आपण दोघं एकाच जागी उभे नाही.

तुमची एक गोष्ट मात्र मला लागली, कारण ती खरी आहे. मंजुरी मिळाली म्हणजे घरं मिळाली, अशा थाटात मी लिहून गेलो. प्रत्यक्षात मॉल पाडला गेला आणि वुल्फ रोडवरून जाताना वर्षानुवर्षं मोकळी मातीच दिसत राहिली. २०२४ मध्ये सुधारित आराखडा मंजूर झाला. त्यात घरं २,६६९ झाली, पण परवडणाऱ्या घरांचा वाटा निम्म्यावरून एक तृतीयांशावर आला. ज्या निम्म्याच्या जोरावर ही वाट मोकळी झाली होती, तोच कापला गेला. हे मी एका ओळीत उरकलं. त्याला वकिली म्हणालात, तर वाद घालणार नाही.

मूळ लेखात हे आकडे आता घातले आहेत. ‘लादलं’ हा शब्द तेवढा तुमच्या प्रतिक्रियेतच राहू द्या.