खुराड्याजवळ उंदराचं औषध का नको

दादा, नमस्कार. खुराड्याभोवतीच्या उंदरांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही रोखठोक उत्तर दिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जाळ्या, पत्रे, झाकणाची पिंपं हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, उंदराच्या औषधाची वडी स्वस्तात मिळते आणि एका रात्रीत काम तमाम करते, शिवाय तुमच्या आजीच्या परड्यात कोंबड्या मोकळ्या फिरायच्या, जाळीचा तुकडा नव्हता, तरी उंदरांचा त्रास नव्हता. शेवटी तुम्ही लिहिलंय की खुराड्याच्या मागं वड्या टाकून झाल्यासुद्धा. म्हणून बाकीचं नंतर वाचा. आधी त्या वड्या उजेड आहे तोवर शोधून उचला, हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून.

एका रात्रीत काम होतं, हेच मुळात खरं नाही. दुकानात मिळणारी वडी बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोनची असते, प्रमाण ०.००५ टक्के. ते रक्त गोठू देत नाही. शरीरात के जीवनसत्त्वाचा पुन्हा पुन्हा वापर होत असतो, तो हे औषध बंद पाडतं, मग आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. याला तीन-चार दिवस, कधी आठवडा लागतो. मधल्या काळात तो सुस्त होतो आणि भर दिवसा उघड्यावर येतो. आता कोंबडी काय करते ते तुम्हाला सांगायला नको. उंदराचं पिल्लू दिसलं की एक कोंबडी ते चोचीत धरून पळत सुटते, बाकीच्या तिच्यामागं, आणि ओढाओढीत ते कुणाच्या तरी पोटात जातं. औषध असं कोंबडीच्या यकृतात साठतं आणि अंड्यातही उतरू शकतं. ती अंडी आपलीच पोरं खातात.

दुसरी गोष्ट. उंदीर वडी जिथं ठेवली तिथंच बसून खाईल असं नाही. तोंडात धरून आडोशाला नेतो, कुरतडतो, तुकडे सांडतो. तुम्ही वडी भिंतीमागं ठेवली म्हणून ती भिंतीमागंच राहते असं समजू नका. रंगीत तुकडा मातीत पडलेला दिसला की कोंबडी टोच मारणारच.

एका रात्रीत मारतं ते झिंक फॉस्फाईड, म्हणजे पिठात किंवा धान्यात कालवायची काळी पूड. पोटातल्या आम्लात तिचा फॉस्फीन वायू होतो. तिच्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर निदान के-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आहे, इथं तेही नाही. शिवाय जो उंदीर थोडं खाऊन वाचतो, तो पुढं बरेच दिवस त्या आमिषाला तोंड लावत नाही. शेतात बिळाच्या आत खोल घालून, तोंड बुजवून, जाणकाराच्या सल्ल्यानं ती वापरणाऱ्या शेतकऱ्यांशी माझं भांडण नाही. पण जिथं दाणा दिसला की टिपणारे पक्षी पाळलेत, तिथं विषारी दाणा ठेवणं मला पटत नाही, आणि पटणारही नाही. धामण आणि गव्हाणी घुबड आपलं हेच काम फुकटात करतात. औषध खाल्लेला उंदीर त्यांच्याही पोटात जातो. ती दोघं गेली की पुढच्या वर्षी उंदीर जास्तच.

आता आजीचा मुद्दा, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. आजीच्या परड्यात उंदीर कमी का होते, हे नीट आठवून बघा. आजी दिवस मावळायच्या आधी मूठभर ज्वारी किंवा कणी टाकायची, कोंबड्या दोन मिनिटांत ती साफ करायच्या, मग पिल्लं डालग्याखाली आणि मोठ्या खुराड्यात. रात्री परड्यात खायला काहीच नसायचं. आज आपण ५० किलोचं पोतं आणतो, तोंड वळवून कोपऱ्यात उभं करतो आणि खाद्याचं भांडं काठोकाठ भरून रात्रभर आत ठेवतो. कोंबडी अंधार पडला की दांडीवर बसते, सकाळपर्यंत दाण्याला शिवत नाही. मग रात्रीचं ते खाद्य कुणासाठी असतं?

एक उंदीर रात्रीत साधारण २५ ग्रॅम खातो. दहा उंदीर धरा, रोजचे पाव किलो, महिन्याचे साडेसात किलो. अंड्यावरच्या एका कोंबडीला दिवसाला १००-१२० ग्रॅम लागतं, म्हणजे दोन कोंबड्यांचा खुराक तुम्ही उंदरांना घालताय. लेंड्या आणि मुतानं नासतं ते वेगळं. पोल्ट्रीत साल्मोनेला, म्हणजे जुलाब-तापाचे जंतू, पसरायला उंदीर कारण होतात, ते याच वाटेनं. औषधानं दहा मारले आणि भांडं तसंच भरलेलं राहिलं, तर शेजारच्या गटारातले दहा येऊन बसतील. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. या हिशेबाशी वडी कधीच जिंकत नाही.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. दिवस मावळताना भांडं उचला, खाली सांडलेलं झाडून घ्या, अंडी रात्रभर आत ठेवू नका. पोतं झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ओता. जुनं गोडेतेलाचं पिंप चालतं, मात्र आधी आतून नीट घासून, धुऊन, वाळवून घ्या. प्लॅस्टिकचं घूस कुरतडते. यात चोचले कुठले?

जाळीचा खर्च दुखतो हे मात्र तुम्ही खरं लिहिलंत. सगळं खुराडं एकदम मढवायची गरज नाही. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची. ती कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश, म्हणजे तारा सांध्यावर जोडलेली चौकोनी भोकांची जाळी घ्या आणि आधी फक्त खालच्या दोन फुटांना लावा. जमिनीत फूटभर खाली नेऊन बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा, म्हणजे घूस भिंतीलगत उकरायला लागली की जाळीवर येऊन थांबते. लहान चिटुकली उंदरं अर्ध्या इंचातूनही येतील. पण पिंप बंद असेल तर त्यांचं मला फार भय नाही. त्यांना कोंबड्याच बघून घेतात. पिल्लांच्या कप्प्याला तेवढी पाव इंचाची जाळी लावाच. रात्री घुशीनं पिल्लाचा पाय ओढून नेलेला ज्यानं पाहिलाय, तो तिथं पैसे वाचवत नाही.

पायपट्टीचं खाद्यपात्र, म्हणजे कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं ते, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घेता येतं. मोठी घूस किलोच्या आसपास भरते, तेव्हा किलोभर वजनाला झाकण उघडणार नाही असा ताण ठेवायला सांगा. गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, हलक्या असतात, त्यांना ते जड जाईल. अशा घरात संध्याकाळी भांडं उचलणंच बरं.

आपल्याकडं दोन वेळा हमखास घुशी-उंदीर घराकडं सरकतात. एक, ऊसतोड सुरू झाली की. फडात घुशींना खायला आणि लपायला दोन्ही असतं. फड मोकळा झाला की त्या बांधावरून वस्तीत येतात. दुसरी वेळ पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची ३९ फूट पातळी इशाऱ्याची आणि ४३ फूट धोक्याची, हे आपल्याकडच्या पोरासोरांना पाठ आहे. चिखली-आंबेवाडीकडं पाणी शिरायला लागलं की बिळं बुडतात आणि उंदीर उंच जागा शोधतात. त्या दिवसांत खुराड्यात अनवाणी जाऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात-चिखलात येतात आणि पायाच्या चिरेतून शिरतात. गमबूट घाला. लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवून मग काढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा.

मांजराचं तुम्ही सुचवलंत. उंदरांना धाक म्हणून ठीक, पण मोठ्या घुशीच्या वाटेला बरीच मांजरं जात नाहीत आणि पिल्लांवर त्यांचा डोळा असतो. मी पिंजऱ्यावर भर देतो. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजरा चाप न लावता, नुसता उघडा, भिंतीलगत ठेवा आणि आत खोबऱ्याचा भाजलेला तुकडा किंवा बोंबलाचं डोकं टाका. खाऊन जाऊ देत. सरावले की मग चाप लावा. पिंजरा कोंबड्यांच्या फिरायच्या जागेबाहेर हवा. आणि चिकटपट्टी नको. तिला पाल, सरडा, कोंबडीचं पिल्लू, सगळं चिकटतं आणि तडफडत मरतं.

तुमच्या वड्यांकडं परत येतो. मोजून ठेवल्या असतील तर मोजून उचला. एखादी कमी भरली तर कोंबड्या निदान आठवडाभर बंद जागेत ठेवा, मेलेले उंदीर शोधून खोल पुरा, आणि कोंबडीचा तुरा पांढरा पडला किंवा ती मान टाकून बसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात वडीचं वेष्टण घेऊन जा. अंडी किती दिवस टाळायची तेही त्यांनाच विचारा, तोवर खाऊ नका आणि कुणाला देऊही नका.

मग एका संध्याकाळी परड्यातली सगळी बिळं ओल्या मातीनं लिंपा. सकाळी उकरलेली दिसतील तीच चालू आहेत. अशी किती निघतात आणि कुठल्या बाजूला, ते इथं कळवा. पिंजरे कुठं ठेवायचे ते त्यावरून सांगतो.