वर्गणीची यादी

आमच्या मुरुडच्या ग्रुपवर (दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे, हे सांगून सांगून तोंड दुखलं) पंधरा दिवस एकच रणकंदन चाललंय. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा पुतळा दुर्गादेवीच्या देवळाजवळ उभारायचा की किनाऱ्यावर, पर्यटक गाड्या लावतात तिथं? अर्धपुतळा की पूर्णाकृती? पगडी की पागोटं? मंगळवारी एकानं विचारलं, "ते पत्रिका बघायचे ना?" त्यावर बारा अंगठे.

पत्रिका! मास्तरकी सांभाळून ज्यानं १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा, म्हणजे खगोलाचा, इतिहास छापला, 'कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत' एवढं शतपथ ब्राह्मणातलं वाक्य धरून, हा तारकापुंज तसा कधी उगवत होता याचं गणित मांडून ज्यानं त्या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास नेला, तो माणूस म्हणे पत्रिका बघायचा. मी तावातावानं लिहिलं, मग पुसलं.

मी पोलंडमध्ये तोरुनला राहतो, खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या गावात. इथं चौकात त्याचा पुतळा आहे. एका हातात यंत्र, दुसऱ्याचं बोट वर. खाली लॅटिनमध्ये नाव, गाव आणि 'पृथ्वीला हलवणारा, सूर्याला नि आकाशाला थांबवणारा'. आपल्याकडे तेवढ्या जागेत प्रमुख पाहुण्यांची नावंसुद्धा मावली नसती. पुतळा १८५३ चा, दीक्षितांचा जन्मही १८५३ चाच. हे मात्र ग्रुपवर टाकलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. खाली लगेच मासळीचे भाव.

एक गोष्ट टाकली नाही. हा पुतळा बसला तेव्हा इथं प्रशियाचं राज्य होतं, आणि कोपर्निकस जर्मन की पोलिश यावर पुढं कितीतरी वर्षं भांडणं झाली. म्हणजे आमचं पागोटं परवडलं. आता पोरं त्याच्या पायाशी एकमेकांची वाट बघत झाप्येकांका (चीज घालून भाजलेला लांब पाव) खातात, डोक्यावर कबुतर, पिएर्निकच्या (इथल्या मसालेदार केकच्या) डब्यावर त्याचाच चेहरा. शिवाय तो स्वतः तरुणपणीच क्राकूवला शिकायला गेला. आयुष्याचं काम फ्रॉम्बोर्कला केलं, पुरलंही तिथंच. दीक्षितही पुण्याला शिकले आणि नोकरीपायी गावोगाव फिरले.

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? सातवीपर्यंत मुरुडात शिकलो. कर्वे पाठ होते, दीक्षितांचं नावही कानावर नव्हतं. ते पुस्तक मी वाचलं इथं, एक नंबरच्या ट्राममध्ये, मोबाइलवर. कृत्तिका ओळखायला शिकलो तोही इथंच, डिसेंबरात, कानटोपी घालून. जूनमध्ये तर धड अंधारच पडत नाही.

काल चुलतभावाचा मेसेज आला: "दादा, सल्ले खूप झाले. आकडा किती लिहू?" मी पाचशे झ्वोती म्हणालो. त्यानं हिशेब करून यादी पाठवली. दोनच रकाने: गावकरी आणि मुंबईकर.

माझं नाव मुंबईकरांत आहे. मुंबई सोडून मला अकरा वर्षं झाली.