कल्हई तांब्यावर चढते, तांबे कल्हईवर नाही

गाडीची बॅटरी पुढून डिकीत हलवायची म्हणून मी साडेचार मीटर केबल आणली होती. काल रात्री जेवणे आटोपल्यावर तिचे वेटोळे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले आणि काट्याने ६१० ग्रॅम दाखवले. २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या साडेचार मीटर केबलमध्ये नुसते तांबेच किलोभर भरायला हवे, वरचे रबर वेगळे. म्हणून एक बारीक तार उपसून ब्लेडने खरवडली, तर तांबूस रंग सालीसारखा सुटला आणि आत पांढरेफटक ॲल्युमिनियम दिसले. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने ‘हंड्रेड परसेंट कॉपर, डोळे मिटून न्या’ असे सांगितले होते आणि मी खरोखरच डोळे मिटून नेले.

आज ते वेटोळे आणि खरवडलेली तार घेऊन पुन्हा गेलो. त्याने मोबाइलवरून नजरही न हटवता सांगितले, “साहेब, ते टिन्ड कॉपर आहे, आतून पांढरेच असते.” आतून! टिन्ड म्हणजे कथिलाची कल्हई केलेले. कथील तांब्याच्या तारेवर बाहेरून चढवतात, त्यामुळे तार बाहेरून पांढरी आणि आतून लाल असते, हे ज्याच्या आजीच्या घरी तांब्या-पितळेची भांडी होती त्या प्रत्येकाला कळते. कल्हई तांब्यावर चढते, तांबे कल्हईवर चढत नाही, एवढे मी त्याला पुरेशा मोठ्या आवाजात समजावले. त्यावर त्याने न बोलता बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली : ‘कापलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पाटी मात्र स्वच्छ, शुद्ध मराठीत होती.

प्रश्न केवळ पैशांचा असता तर मी गिळून टाकला असता. स्टार्टर फिरताना दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि एवढ्या लांबीत २५ चौरस मिलिमीटर तांबे साधारण अर्धा व्होल्ट खाते. हे मुलामा दिलेले ॲल्युमिनियम जेमतेम १६ चौरस मिलिमीटर तांब्याइतकेच काम करते, म्हणजे पाऊण व्होल्ट वाटेतच गेला, शिवाय अर्थिंगचा आणि सांध्यांचा हिस्सा निराळाच. त्यात ॲल्युमिनियम थिंबलमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत, दाबाखाली हळूहळू सैल पडते, सांधा तापतो, आणि ही केबल तर सीटखालच्या गालिच्यातून जाणार आहे.

गालिच्यावरून आठवले : डिकीतल्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवा, असे म्हणताच ‘कंपनी कुठे लावते?’ असे विचारणारे जे सर्वज्ञ मेकॅनिक आहेत, त्यांना बॅटरी पुढे असतानाच्या हातभर केबलमधला आणि पत्र्याच्या कडांना घासत अख्ख्या गाडीतून जाणाऱ्या केबलमधला फरक कधीच दिसत नाही. आणि केबलची जाडी गेजच्या आकड्यात सांगणारे गेजवाले! ‘चार गेज देऊ का?’ अमेरिकी चार गेज म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, ब्रिटिश चार गेज म्हणजे २७, आणि ॲम्प्लिफायरच्या चकचकीत किटमधले चार गेज म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या पोटात लपलेली सुतळी. थिंबल हातोडीने ठोकून ‘एकदम टाइट’ म्हणणाऱ्यांविषयी तर मी लिहीतच नाही, रक्तदाबाची गोळी अजून घ्यायची आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, असे सौभाग्यवतींनी काटा पुसता पुसता विचारले. माझ्या १९९६ सालच्या मारुती ८०० च्या नाकावरचे दहाएक किलो ओझे मागे न्यावे, म्हणजे वळणावर गाडी हलकी वाटेल, असे मी गंभीरपणे सांगितले. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे आणि मग काट्याकडे पाहिले. पुढच्या सीटवर बसणारे ब्याण्णव किलो कोणत्या केबलने डिकीत न्यायचे, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

तरीही आज शेजारच्या दुकानातून ३५ चौरस मिलिमीटरची केबल आणलीच. या वेळी दुकानदारासमोरच तार खरवडली, त्याच्याच काट्यावर वेटोळे तोलले, तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसा पाहत राहिला आणि मी ते सहन केले. केबल अस्सल आहे, आरपार लाल आहे, पावणेदोन किलो भरली. घरी येऊन पिशवी उलटी केली तेव्हा लक्षात आले की, थिंबल मात्र परवाच्याच आहेत, २५ च्या, आणि उद्या तपकीर गल्ली बंद आहे.